आठ सेकंद

एका बातम्यांच्या चॅनेलवर तो चित्रण कापायचा. हात इतका बसलेला की डोळ्यांआधी बोटंच ठरवून मोकळी व्हायची. नियम एकच: माणसं नुसती उभी असतील ते काढायचं, हालचाल सुरू झाली की तिथून घ्यायचं. उभ्या माणसांकडे कोण ढुंकून बघतंय?

त्या सकाळी दवाखान्याच्या फाटकावरचं चित्रण आलं. परिचारिका तीन आठवडे तिथे धरणं धरून होत्या, त्याची ताईही त्यांच्यात होती. घाईत त्याने आठ सेकंद उचलले. मास्क लावलेली एक बाई फाटकाशी मांडलेलं टेबल ढकलते, ते रखवालदाराच्या पायावर आदळतं, तो कळवळतो. त्याआधी रखवालदाराने तेच टेबल दोनदा बायकांच्या अंगावर रेटलं होतं, मग थोडा वेळ सगळे नुसते उभे होते. तेवढं गळलं. आठ सेकंद दिवसभर फिरत राहिले, खाली लाल पट्टी: ‘परिचारिकांची गुंडगिरी’.

जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. "अरे, ती मी आहे. तुला ओळखू नाही आलं?"

डबा तसाच टाकून तो संपादकांकडे धावला. "उद्या बघू," ते म्हणाले. उद्या दुसरीच बातमी होती.

बघणाऱ्यांनी मात्र लगेच बघितलं. परिचारिकांना रोज फुकट चहा पाजणाऱ्या दुकानदाराने तोंड फिरवलं. आठवड्याभरात धरण्यावर चौघीच उरल्या. बाकी कुणी काही म्हणो, ताईला आई हवी होती. आणि टीव्हीवर ते बघून आईने तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी तो अख्खं चित्रण मोबाइलवर घेऊन आईसमोर बसला. "आई, ते मी कापलं होतं. आधी रखवालदाराने ढकललं. तूच बघ."

आईने चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं. त्याच्या जिवात जीव आला.

"बहिणीसाठी हे बनवून आणलंस होय?" ती म्हणाली. "तुला काय, हातचा मळ."

"आई, खरं हे आहे. टीव्हीवरचं अर्धवट होतं."

"टीव्हीवर सगळ्या जगाने बघितलं. हे तू मला एकटीलाच दाखवतोयस."

आईने मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "आणि तिला सांग," ती म्हणाली, "त्या रखवालदाराची आई जिवंत असेल, तर त्याला कळवळताना तिनेही टीव्हीवर बघितलं असेल."