ताई पलीकडे बसल्या

ताईंचं पार्लर गल्लीच्या तोंडाशी होतं, पण गल्ली त्यांना मान द्यायची ती समेट बैठकीमुळे. अठराच्या आतल्या पोरांनी काही चोरलं, फोडलं, कुणाला मारलं, तर कोर्टात उभं करण्याआधी त्यांना वाचनालयाच्या माडीवर आणायचे. समोर ज्याचं नुकसान झालं तो, पोराशेजारी आईबाप आणि मधे ताई. घडलं ते बोलायचं, ऐकायचं, भरपाई काय करायची ते मिळून ठरवायचं. ताई बोलायला मऊ, पण आईबापांना एकदा तरी विचारायच्याच, "घरात लक्ष असतं ना तुमचं?" ते मान खाली घालायचे. ताईंना त्यात थोडं सुखही वाटायचं.

मग त्यांच्याच लेकीने बसथांब्यावर शिलाईवाल्या मावशींची पिशवी हिसकावली. मैत्रिणींनी पैज लावली होती, एवढंच कारण. आत गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट होता. मावशींनी पिशवी सोडली नाही. त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी ताई पार्लरमध्ये शिरल्या तशा आतल्या बायका गप्प झाल्या. आरशाकडे न बघता ताईंनी एकीच्या केसांना कसाबसा रंग लावला, शटर ओढलं आणि फळं घेऊन मावशींचं घर गाठलं. बैठकीआधी नुकसान झालेल्याच्या घरी कुणी जायचं नाही, समोरच्यावर दडपण येतं, हा नियम ताईंनीच घातलेला.

"मावशी, पोर आहे हो. बैठक-बिठक कशाला? आपलं आपण मिटवू."

मावशींचा हात गळ्यात अडकवलेला, मशीनवर चादर. "ती कुठाय?"

"लाज वाटते तिला."

"आणि तुला?"

फळं दारातच ठेवून त्या जिना उतरल्या.

या वेळी ताईंच्या जागी बैठक गल्लीतल्या चष्मेवाल्या काकांनी घेतली. ताई पहिल्यांदाच पलीकडे, आईच्या खुर्चीत बसल्या. लेक पुटपुटत का होईना, सगळं बोलली. मग मावशी म्हणाल्या, "हात दुखतो ते जाऊ दे. पण मागून कुणी पळत आलं की मला धडकी भरते. थांब्यावर उभंच राहवत नाही. त्यात हिची आई मला गप्प करायला आली, फळं घेऊन."

लेकीने वळून बघितलं. "आई, तू गेली होतीस? मला तर म्हणालीस, काही लपवू नकोस."

ताईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "गेले होते," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी नाही. माझी अब्रू वाचवायला."

आता कुणीतरी आपल्याला तो घरातल्या लक्षाचा प्रश्न विचारणार, म्हणून त्या अंग चोरून बसल्या. कुणीच विचारला नाही. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने जास्त लागलं.

शाळा सुटल्यावर लेकीने मावशींकडे जायचं, पडेल ते काम करायचं, असं ठरलं. सुरुवातीला मावशी कामापुरतंच बोलायच्या. "कापड ताठ धर गं. म्हशीसारखी बघतेस काय?" पोरगी उसवायला शिकली, काजं करायला शिकली. एकदा मावशींना तिने हसवलंसुद्धा.

प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडंच राहिलं. मोठी कात्री पेलेना, मावशींनी कोट शिवणं सोडलं. त्या दिवशी घरी येऊन लेक ओट्याला टेकून रडली. "होईल गं ठीक," म्हणायला ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

बैठकीची जबाबदारी ताईंनी सोडली. काका बोलवायला आले, तर म्हणाल्या, "एवढ्यात नको." ठरलेली मुदत संपली तरी लेक मावशींकडे जात राहिली. अंधार पडायला लागला की ताई तिला आणायला जायच्या आणि खाली रस्त्यावरच थांबायच्या. एकदा मावशींनी खिडकीतून हाक मारली, "अगं, वर ये की!"

ताईंनी हातानेच नको म्हटलं.