पैलतीरी अडकणारी रेकॉर्ड

त्या दिवशी कोलाडला आभाळ नुसतं भरून आलेलं. पाऊस नाही, वारा नाही. कापलेल्या भातावर लोकांनी ताडपत्र्या टाकलेल्या. दत्तूशेटचं तेरावं उरकून आम्ही त्याच्याच हॉटेलात बसलो होतो, आणि एकातून एक किस्से निघत गेले. माणूस असतो तोवर किस्से सांडत असतात, गोळा कोण करतो? तो गेला की कळतं, केवढा ढीग झालाय.

शेटच्या हॉटेलात भिंतभर जुन्या रेकॉर्डी. पेणहून रोह्याला जाणारा माणूस त्यासाठी वाट वाकडी करायचा. मी पहिल्यापासून तिथं भट्टीवर. चहा माझा, भाकऱ्या माझ्या. पिठाच्या हातानं रेकॉर्डीला शिवायचं नाही, हा शेटचा दंडक. मी कधी रेकॉर्डी वाजवायच्या पेटीजवळसुद्धा गेलो नाही.

दुसरा दंडक, गाणं संपल्याशिवाय बिल नाही. एकदा पेणचं वऱ्हाड चहाला टेकलं. नवऱ्याचा मामा तापला, "अवो, मुहूर्त टळंल!"

शेट म्हणाला, "मुहूर्त दुसरा निघंल. पिन मधीच ओढली तर ओरखडा जन्माचा!"

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मामा, बसा वो. उद्यापासून कोण निवांत ऐकू देतंय?"

शेटची लाडकी एक अभंगाची रेकॉर्ड होती. ती 'पैलतीरी' या शब्दावर अडकायची. पैलतीरी, पैलतीरी, पैलतीरी... मग शेट गल्ल्यावरून उठायचा, पेटीला बोटानं हलकी टिचकी मारायचा. गाणं पुढं चालू.

एका गिऱ्हाइकाला दया आली. त्यानं कुठून तरी तीच रेकॉर्ड आणली, एकदम कोरी. शेटनं लावली. 'पैलतीरी' आलं, अख्खं हॉटेल सवयीनं तोच शब्द घोळवत राहिलं आणि गाणं निघून गेलं पुढं! खांब गावचा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "शेट, ही बिघडलेली हाय. आपलीच लावा!"

आमच्या खांबच्या भजनात माझा शेजारी गणपत पखवाज वाजवतो. तिथंही 'पैलतीरी' तीनदा, मग गणपतची पखवाजावर एक टिचकी, मगच पुढची ओळ. रोह्याच्या एका बुवांनी विचारलं, "ही कुठली परंपरा?"

गणपत छाती काढून म्हणाला, "कोलाडची!"

शेवटी शेटला उठवेना. खाटेवरून म्हणाला, "नाना, आता टिचकी तू मारत जा."

मी म्हटलं, "नाय शेट. ते तुमचं काम. तुमी बरं व्हा."

तो नुसता हसला.

तेराव्याला सगळे पांगायच्या आधी शेवंतावहिनी, शेटची बायको, भट्टीपाशी आली. "नाना, पेणचा एकजण सगळ्या रेकॉर्डी घ्यायला तयार हाय. तुमी पेटी सांभाळाल तर त्याला नाय म्हणते. मला एकटीला नाय जमायचं."

मी भाकरी थापत होतो. थापतच राहिलो.

मग तिनंच जाऊन ती अभंगाची रेकॉर्ड लावली. 'पैलतीरी' आलं आणि अडकलं. पैलतीरी, पैलतीरी, पैलतीरी... सगळ्यांच्या माना गल्ल्याकडं वळल्या. गल्ल्यावर कोणी नव्हतं. वहिनी पदर तोंडाशी धरून उभी. पैलतीरी, पैलतीरी...

गणपतनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "नाना, हात धुवा न् उठा. गाणं अडलंय."