पूजेत ठेवलेलं हेल्मेट

माझा जबडा मोडला तो खंडेनवमीमुळे. अपघात कसा झाला असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, आणि लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. चेष्टा करायची सवय मला आहेच, पण यात चेष्टा नाही.

आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे मोठं प्रकरण. बाबा फिटर. पाने, कानशी, मायक्रोमीटर यांच्यावर आमचं घर चाललं. त्यामुळे नवमीच्या सकाळी वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत पाट मांडला जायचा आणि त्यावर सगळी हत्यारं पुसून, तेल लावून ओळीने झोपायची. शेजारी आईची विळी आणि शिवणाची कात्री. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि मग नियम असा की दसरा उजाडेपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आई भाजीसुद्धा आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. हत्यारांनाही वर्षातून एक सुट्टी हवी, असं बाबांचं म्हणणं. मला ते लहानपणापासून आवडायचं.

त्या वर्षी मी बारावीला होते. संध्याकाळचा क्लास माजिवड्याच्या पलीकडे होता आणि कॉलनीतल्या मुलामुलींची आमची टोळी सायकलने जायची. येताना अंधार व्हायचा. पुलाखालून वळणारे टेम्पो, उलट्या बाजूने घुसणाऱ्या बाइक, उघडी गटारं, सगळं होतंच, म्हणून नियम आम्हीच केले होते. हेल्मेटशिवाय निघायचं नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. कुणाचा दिवा बंद पडला तर त्याला मधे घ्यायचं. नवीन कुणी आलं की आम्ही हे अशा रुबाबात सांगायचो, जणू सीमेवरच निघालोय. बाबांना मात्र याचं फार कौतुक होतं. हत्यार सांभाळणारी पोरं आहेत, असं ते चारचौघांत सांगायचे.

त्या कौतुकापोटीच त्यांनी नवमीला माझं हेल्मेट पाटावर ठेवलं. खाली जाऊन सायकलचे दोन्ही दिवे स्वतः सोडवून आणले, पुसले आणि मायक्रोमीटरच्या शेजारी मांडले. त्यांच्या रांगेत माझी वस्तू. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

क्लासवाल्यांना नवमीचं काही सोयरसुतक नव्हतं. संध्याकाळी टेस्ट होती. मी सॅक पाठीला लावली आणि दिव्यांकडे हात नेला.

"ए, आज नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, येताना काळोख होतो."

"एका दिवसाने काय होतंय? उद्या सकाळी घे."

"मग सायकल पण नको न्यायला. ती चालते होय?"

"सायकल वाहन आहे. वाहनाची पूजा उद्या. तुझ्या मैत्रिणीकडे दिवे आहेत ना? तिच्या मागे मागे राहा, अगदी चिकटून. काही होत नाही."

असा कारभार. सायकल वाहन म्हणून चालणार, दिवा हत्यार म्हणून झोपणार. मी तणतणत निघाले. त्या दिवसाचा नवरात्रीचा रंग जांभळा होता, म्हणून अंगात गडद जांभळा कुर्ता.

टोळीतल्या बाकीच्यांनी गरब्यासाठी दांडी मारली होती. येताना मी आणि माझी मैत्रीण, दोघीच. ती खालच्या मजल्यावर राहायची, पहिलीपासून आम्ही बरोबर. ती पुढे आणि मी तिच्या मागे, बाबांनी सांगितल्यासारखी अगदी चिकटून. पुलाजवळच्या सर्व्हिस रोडवरचे दिवे गेले होते. तिच्या मागचा लाल दिवा लुकलुकत होता, पण तो फक्त मलाच दिसत होता. मागून येणाऱ्याच्या आणि त्या दिव्याच्या मधे मी होते.

रिक्षाचा आवाज कानाशी आला आणि कमरेत काहीतरी घुसलं. मी हँडलवरून पुढे फेकली गेले. हनुवटी दुभाजकाच्या कडेवर आपटली. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी माझ्याच डोक्यातून ऐकला. मग डोकं खाली आदळलं. कानामागे गरम लागायला लागलं आणि तोंड रक्ताने आणि दातांच्या चुऱ्याने भरलं. हेल्मेट असतं तरी जबडा वाचला नसता, असं पुढे डॉक्टर म्हणाले. कानामागे जे टाके पडले ते मात्र पडले नसते.

रिक्षावाला पळाला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ते कुणीच सांगितलं नाही. तो थांबला, उतरला, माझ्याजवळ बसला. पन्नाशीचा माणूस. "बाळा, दिसली नाहीस गं," एवढंच तो म्हणत राहिला. तो मला उचलायला वाकला तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली.

मग गर्दी झाली. गरब्याला निघालेली पोरं, बाइकवाले, दुकानातली माणसं. काय झालं हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचंही नव्हतं. "मारो साले को," एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी हात साफ करून घेतला. एकाने रिक्षाची काच फोडली. एकाने हातातल्या टिपऱ्या त्याच्या तोंडावर मारल्या, खेळायला आणलेल्या टिपऱ्या. तो खाली पडला तेव्हा त्याच्या पोटात लाथा बसू लागल्या. तो ओरडत होता, "दिसली नाही हो, आईची शप्पथ." त्यावर कुणीतरी हसलं आणि आणखी एक लाथ बसली.

तो खरं बोलत होता. मैत्रीण गर्दीबाहेर फोन लावत होती आणि त्या घोळक्यात ते फक्त मला ठाऊक होतं. मी सांगायचा प्रयत्न केला. जबडा हललाच नाही. घशातून जनावरासारखा आवाज आला आणि रक्त हनुवटीवरून ओघळलं. ते बघून लोक आणखी पेटले. मी जितकी ओरडले तितका तो जास्त मार खात होता. अजूनही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मैत्रिणीने फोन केला होता. बाबा स्कूटरवर आले. आमच्या बाबांनी आयुष्यात आमच्यावर हात उगारला नव्हता. त्यांनी मला पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि वळले. गर्दीने त्यांना वाट करून दिली. बाप आला म्हणताच मान त्यांचा. हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नव्हता, म्हणून बाबा लाथांनी मारत होते. सेफ्टी बूट घातलेल्या पायाने त्यांनी त्याच्या कोपरावर मारलं आणि तो हात नको त्या बाजूला वळला. असा आवाज मी थोड्याच वेळापूर्वी माझ्या डोक्यात ऐकला होता.

मी सरपटत गेले. दुसरं काही सुचलं नाही. त्याच्या छातीवर आडवी पडले आणि उजवा हात वर धरला. बूट त्या हातावर बसला. मग मैत्रिणीने किंचाळून बाबांना मागे ओढलं आणि बाबांना खाली मी दिसले.

हॉस्पिटलात माझे वरचे आणि खालचे दात तारेने एकत्र बांधले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. बाबा रजा काढून माझ्याजवळ बसले. मुगाचं पाणी गाळून, कोमट करून, स्ट्रॉने पाजायचे. रात्री मी घाबरून उठले तर ते जागेच असायचे. एवढी माया करणाऱ्या माणसावर रागावणं किती कठीण असतं ते मला तेव्हा समजलं. आणि तरी मी रागावले होते.

कारण भेटायला कुणी आलं की बाबा गोष्ट सांगायचे. आधी रिक्षावाला फास्ट होता. चार दिवसांनी तो मोबाइलवर बोलत होता. पुढच्या आठवड्यात तो प्यायलेला निघाला. "पोरीचा जबडा मोडला, हात मोडला नालायकाने," असं प्रत्येक वेळी शेवटी. आई मान खाली घालून सफरचंद चिरत राहायची.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "तिला बोलता येत नाही, मी सांगतो." मी मान हलवली, नाही नाही म्हणून. हवालदार म्हणाले, "बाळ, मान हलवू नकोस, त्रास होईल." डाव्या हाताने आईच्या फोनवर मी टाइप केलं, लाइट नव्हता माझ्याकडे, त्याची चूक नाही. बाबांनी वाचलं, फोन खिशात घातला आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. "आता आराम कर," म्हणाले.

मैत्रीण यायची, तिच्याकडून कळायचं. रिक्षा चौकीसमोर उभी आहे. त्याच्यावर केस झालीय. त्याचा हात गळ्यात आहे आणि तो हात आता सरळ होणार नाही म्हणतात. तिला घरून सांगितलं होतं, तू पुढे होतीस, तुला काय दिसणार, गप्प राहा. ती माझ्यापाशी रडायची. मी तर रडतानाही तोंड उघडू शकत नव्हते.

तारा काढल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हं, बोल आता. काहीही बोल."

मी बाबांकडे बघितलं. "रिक्षावाल्याची चूक नव्हती. माझ्याकडे दिवा नव्हता. तुम्ही लावू दिला नाहीत."

बाबा डॉक्टरांकडे बघून हसले. "अजून स्पष्ट येत नाहीये तिला."

मी परत बोलले, हळूहळू, एकेक शब्द वेगळा करून.

"मला तर सगळं कळलं," डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बाबा बसले. माणसं येत जात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याची चूक नव्हती, तर मग मी मारलं कुणाला?"

मी उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"पण तुझा हात तरी त्यानेच मोडला ना? पडलीस तेव्हा?"

बोलताना जबडा ठणकत होता. "हात तुमच्या बुटाखाली मोडला, बाबा. मी त्याच्यावर आडवी पडलेले तेव्हा."

ते उठले. मला वाटलं घरी निघालो. स्कूटर चौकीसमोर थांबली तेव्हा कळलं. आत मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि स्वतः टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, माझा आधीचा जबाब खोटा होता," ते म्हणाले. "त्या रिक्षावाल्याचा हात मी मोडला. माझ्या पोरीचाही मीच."