इफ्राइमची शाखा

व्हर्ना आत्या एप्रिलमध्ये गेली. मला अजून ते खरं वाटत नाही. तिच्या दारावरून जाताना पाय आपोआप थांबतात.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं हयात काढली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले. तिच्याजवळ होतं ते एवढंच, की ती बास्कम होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर उतरलेल्या इलियाझर बास्कमच्या धाकट्या मुलाची, इफ्राइमची, वंशज.

दर ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये बास्कमांचं जेवण असतं. रक्ताचे बसतात. सुना, जावई आणि आमच्यासारखे शेजारी वाढतात. मग आत्याचा दुसऱ्या शाखेतला, लांबच्या नात्यातला भाऊ ऑरिन इलियाझरच्या एकेका मुलाचं नाव पुकारतो आणि त्या त्या शाखेची माणसं उभी राहतात. इफ्राइमचं नाव शेवटी. त्या शाखेत उरली होती आत्या एकटी. ती भिंतीजवळच्या आपल्या खुर्चीवरून निळ्या झग्यात उठायची, सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या तिला वर्षभर पुरायच्या.

मी साहित्याची पदवी घेऊन घरी परतले तेव्हा तिनं मला जुन्या दफनभूमीत नेलं. पूर्वजांच्या थडग्यांचे दगड ती दर उन्हाळ्यात धुवायची.

"कविता वाचून हात मऊ पडलेत तुझे," ती म्हणाली. "ब्रश धर."

"पगार काय देशील?"

"दुपारचं सूप. आणि तक्रार केलीस तर तेही नाही."

इलियाझरच्या दगडामागे गवतात एक छोटी पाटी पालथी पडलेली होती. आम्ही ती उलटली. तिनं पाणी ओतलं. त्या काळी थडग्यांवर कोरायचे तशी पंख असलेली कवटी दिसू लागली, मग अक्षरं. इलियाझरचा मुलगा इफ्राइम. वय वर्षे तीन.

मी म्हणाले, "मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचे ना तेव्हा? दुसरा इफ्राइम झाला असेल."

आत्यानं बापाच्या दगडाकडे बोट केलं. इलियाझर या मुलाच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीच गेला होता.

"दुसरा कुठून होणार?"

"मग तुझा खापरपणजोबा कोणाचा?"

"कुणास ठाऊक. कुठला तरी दुसरा बास्कम."

"आत्या, आपण ती होती तशी पालथी घालू. कुणाला कळणार आहे?"

ती बराच वेळ पाटी पुसत राहिली. "इतकी वर्षं तोंड मातीत होतं पोराचं," ती म्हणाली.

त्या ऑगस्टमध्ये ऑरिननं इफ्राइमचं नाव पुकारलं. आत्या बसून राहिली.

"व्हर्ना, कान गेले की पाय?" ऑरिन म्हणाला. सगळे हसले.

"तो तीन वर्षांचा असताना गेला, ऑरिन. दगड सापडलाय. त्याला शाखा नाही."

हसू थांबलं.

"मग तू कोणाची गं?" ऑरिननं विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच कळेना.

"मी? तू आता तिसऱ्यांदा वाढून घेतलास तो घेवडा माझा आहे."

ती उठली. खुर्ची आत सारली, स्वयंपाकघरात आली आणि निळ्या झग्यावर एप्रन बांधून माझ्या शेजारी भांडी घासू लागली. बाहेर कॉफीचे कप वाजत होते. ती दाराकडे पाठ करून उभी होती. एका ताटावर तिचा हात नुसताच फिरत राहिला.

"आत्या, ते स्वच्छ झालंय," मी म्हणाले.

"हो का?" तिनं ते परत पाण्यात बुडवलं.

एप्रिलमध्ये आत्याला रस्त्यापलीकडच्या नव्या दफनभूमीत पुरलं. जुनीत जागा फक्त वंशजांना.

यंदाही जेवण झालं. मी आत्याचा तो गोड घेवडा केला होता, काकवी जास्त पडली. ऑरिननं नावं पुकारली. शेवटी म्हणाला, "इफ्राइम."

मी हातात भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते.

कुणी उठणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो थांबला. ऑरिन भिंतीजवळच्या त्या खुर्चीकडे बघत होता. तिथं त्या दिवशी कुणीच बसलं नव्हतं.