मरियमची मंजुळा झाली नाही

न्हावऱ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक बाई निबंध तपासत बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, "बसा. डबा विसरला असाल तर माझ्यातलं खा. पहिल्या दिवशी कुणाला सुचत नाही." मी खरोखरच विसरले होते. मराठी शिकवणाऱ्या रूथबाई साळवे यांची आणि माझी ओळख अशी भाकरीपासून झाली. पुढे निवृत्तीपर्यंत आम्ही शेजारी बसूनच जेवलो. यंदा बाई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत.

बाई मूळच्या केडगावच्या. त्यांच्या आई मरियमबाई तरुण वयात विधवा होऊन, रूथबाई पोटात असताना, तिथल्या मिशनच्या आश्रयाला आल्या, सुईणीचं काम शिकल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करू लागल्या. त्या आईवर बाईंनी कादंबरी लिहिली. पहाटे उठून, स्वयंपाकाच्या आधी. ती प्रकाशकांकडे जायची आणि परत यायची. कधी "आवडली, पण" अशा शब्दांसह, कधी शब्दांवाचून.

एकदा माझे यजमान अपघातामुळे दौंडच्या दवाखान्यात होते. बाई शाळा सुटल्यावर तिकडे यायच्या. मला म्हणायच्या, "तुम्ही जरा मोकळ्या हवेत जाऊन या," आणि यजमानांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, कांद्याच्या बाजारभावासकट. त्याच आठवड्यात त्यांची कादंबरी पुन्हा नाकारली गेली होती, हे मला फार नंतर कळलं.

अखेर पुण्याच्या एका प्रकाशकांनी भेटीला बोलावलं. बाईंनी मलाही सोबत नेलं. प्रकाशक वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "लेखन उत्तम आहे. फक्त मरियमची मंजुळा करा, चर्चचं देऊळ करा. लगेच छापायला घेतो. आहे तशी मात्र छापता येणार नाही."

"आम्ही चर्चला देऊळच म्हणतो," बाई म्हणाल्या.

ते हसले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "मरियमला घराबाहेर काढणारी सासू मात्र खोटी वाटते. नुसतीच दुष्ट. अशी माणसं नसतात हो."

परतताना दौंडच्या गाडीत मी म्हणाले, "बाई, नावच तर आहे. बदला की. इतकी वर्षं वाट पाहिलीत."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "आईच्या वाट्याला आलेलं सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेलं मरियम हे एकच नाव तिनं स्वतः निवडलं. ते मी कुणाच्या सोयीसाठी काढून घेऊ?" मग म्हणाल्या, "पण सासूचं ते बरोबर बोलले."

एवढ्यावर दुसरं कुणी रुसून बसलं असतं. बाई पुढच्याच रविवारी उपासना आटोपून घोडनदीकाठच्या आईच्या सासरगावी गेल्या. मीही गेले. तिथे मरियमबाईंच्या धाकट्या नणंद, पार्वतीआत्या, अजून हयात होत्या. ओसरीवर बाईंनी विचारलं, "आत्या, आजीनं माझ्या आईला घराबाहेर काढलं ना? आई तसंच सांगायची."

आत्या ताडकन म्हणाल्या, "काढलं म्हंजी? आगं, वाचिवलं तिला! दीर जमिनीपायी जिवावर उठलं व्हतं. म्हातारीनं आपल्या हातातल्या पाटल्या तिच्या पदरात बांधल्या, सोता गाडीत बसवून दिली. म्हनली, 'जा पोरी, हितं ऱ्हाशील तर मरशील.' त्यापायी म्हातारीनं लई मार खाल्ला. पन तुजी आई कुठं गेली ते कुनाला सांगितलं न्हाई तिनं."

आई 'सासूनं मला काढलं' म्हणायची ते संकटातून काढलं या अर्थानं; त्या एका शब्दाचा अर्थ बाई जन्मभर उलटा धरून होत्या. त्या ओसरीवरच रडल्या. मग घरी येऊन त्यांनी कादंबरी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली.

ती कादंबरी शिरूरच्या एका लहान प्रकाशकांनी एकही नाव न बदलता काढली. प्रकाशन आमच्या शाळेच्या सभागृहात झालं. बाईंनी पहिले आभार मानले ते पुण्याच्या त्या प्रकाशकांचे. निमंत्रण मिळताच ते आले होते आणि पुढच्या रांगेत बसले होते. बाई म्हणाल्या, "यांनी माझं पुस्तक नाकारलं, पण मन लावून वाचून नाकारलं. म्हणून मला माझी आजी सापडली." या बोलण्यात टोमणा नव्हता. बाईंना टोमणा मारताच येत नाही.

पार्वतीआत्यांना नातवाने गाडीतून आणलं होतं. त्यांना वाचता येत नाही. पुस्तक हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात आमच्या म्हातारीचं नाव हाय का?"

"आहे, आत्या."

"खरं?"

बाईंनी पान उघडून त्यांचं बोट त्या नावावर ठेवलं. "हे बघा. सखूबाई."

आत्यांनी बोट तिथून बराच वेळ उचललं नाही. पुण्याचे प्रकाशक उठून जवळ आले आणि बाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

रूथबाई सध्या दुसरी कादंबरी लिहीत आहेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, गुडघे कुरकुरतात, पण पहाटेचं उठणं चुकलेलं नाही. आम्हा सर्व सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या वतीने परमेश्वराकडे इतकंच मागते: बाईंना उत्तम आरोग्य लाभो, दुसऱ्या पुस्तकाला पहिल्याइतकी वाट पाहावी न लागो, आणि लागलीच, तर ती पाहण्याइतकं भरघोस आयुष्य त्यांना मिळो.