हिल्डा ब्रॉकल्सबीच्या गालावरची सूज

इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत हिल्डा ब्रॉकल्सबी एकतीस वर्षे मासे कापीत होती. हॅडॉक माशाच्या पाठीतून ती सुरी अशी फिरवी की, काट्याला मांसाचा कणही चिकटून राहत नसे. तिच्या बोटांवर जुन्या-नव्या जखमांच्या रेघा होत्या. बोट कापले वा हात ठेचला, तर तो बर्फाच्या पेटीत खुपसायचा आणि पुढचा मासा उचलायचा, अशी त्या शेडमधील बायकांची रीत होती.

फेब्रुवारीतील एका सकाळी मुकादम केन थर्लबी शेजारच्या टेबलावरील विनीला घालूनपाडून बोलत होता. हिल्डाने सुरी थांबवली नाही. ती म्हणाली, "केन, इतकं कशाला ओरडतोस? मासे आधीच मेलेत."

साऱ्या बायका हसल्या. केन पुढे झाला आणि त्याने तिच्या गालावर ठोसा लगावला.

"बर्फ लाव गं, आधी बर्फ लाव!" विनी म्हणाली.

हिल्डाने चहाची सुट्टी संपेपर्यंत बर्फ गालाला दाबून धरला आणि मग कामाची पाळी पूर्ण केली. कारण बोटीचा माल पडून होता.

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यात प्रथमच पोलीस ठाण्याची पायरी चढली. या माणसाने मला इजा केली, एवढे एक वाक्य सरकारी कागदावर लिहिले जावे, हीच तिची इच्छा होती. सार्जंट पेल्हॅम भला माणूस होता. त्याने तिला चहा दिला.

"कायदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे, बाई. नुसता हात उगारला किंवा मारलं, पण लागलं नाही, तर तो साधा हल्ला. अंगाला खरी इजा झाली, तर मोठा गुन्हा. कातडी फाटली, हाड मोडलं, तर त्याहून मोठा. तुमची सूज कुठे आहे?"

"काल होती, साहेब. मी बर्फ लावला."

"आता कसं वाटतंय?"

"ठीक आहे. कुरकुर कशाला करायची?"

सार्जंटने ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. हिल्डाच्या आईने मरणाच्या अंथरुणावरही डॉक्टरांना हेच उत्तर दिले होते. सभ्यपणाने बोललेले वाक्य आपल्याच विरुद्ध पुरावा होईल, हे हिल्डाच्या ध्यानीमनी नव्हते. तक्रार साध्या हल्ल्याची नोंदली गेली.

मे महिन्यात खटला उभा राहिला. केनच्या वकिलाने कागद वाचला. "'ठीक आहे, कुरकुर कशाला करायची?' हे शब्द तुमचेच ना?"

"हो, पण ती आमची बोलायची पद्धत—"

"आणि त्या दिवशी तुम्ही पाळीही पूर्ण केलीत?"

"माल पडून होता, साहेब."

वर्षभर नीट वागण्याची हमी लिहून घेऊन न्यायाधीशांनी केनला घरी पाठवले. हिल्डाने तो आदेश बाहेरच्या बाकावर बसून दोनदा वाचला. इजा हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

सोमवारी केन हसत शेडमध्ये आला. "काय हिल्डाबाई, गाल ठीक आहे ना?" त्याने तिला दारापाशी, वाऱ्याच्या तोंडावर, कामाला उभे केले.

ऑक्टोबरात त्याचा हात विनीवर चालला. गाल धरून विनी बर्फाच्या पेटीकडे धावली. हिल्डाने मध्येच तिचे मनगट पकडले.

"सोड गं, आग होतेय!"

"होऊ दे. चांगली सुजू दे. अशीच चल ठाण्यावर."

"अगं, माल पडलाय!"

"कुजू दे."

"आणि साहेबांनी विचारलं, कसं वाटतंय, तर?"

"दुखतंय म्हण. एवढंच म्हण, विनी. मला ते जमलं नाही."

विनी रडत होती, बर्फासाठी हात सोडवू पाहत होती. हिल्डाने पकड सैल केली नाही. खवल्यांनी भरलेले एप्रन अंगावर तसेच ठेवून ती विनीला ओढीत दाराबाहेर पडली.