आमच्या ठिबकची तपासणी

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. बी.ए. झाल्यावर पहिलं काम केलं ते आमच्या उसाला ठिबक बसवायला सरकारी अनुदानाचा अर्ज भरण्याचं.

आमचं शेत अक्कलकोटच्या बाजूला. उन्हाळा लागला की विहीर तळ दाखवते, आणि सरीतून सोडलेलं पाणी निम्मं उसाला, निम्मं बांधावरच्या गवताला. ठिबकनं पाणी वाचतं म्हणून सरकार खर्चाचा मोठा वाटा परत देतं. पण संच आधी आपण घ्यायचा, मग तपासणी, मग अनुदान. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या शब्दावर दुभती म्हैस विकून संच घेतला. चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हशीनं दूध तरी दिलं असतं. नळी काय देणार?"

मी तेव्हा सोलापुरात राहायचे; तपासणीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. कृषी सहायक माझ्या आधीच बांधावर उभे होते, आणि शेतात एकही नळी नव्हती.

"आप्पा, नळ्या कुटं हायत?"

"काल गोळा करून ठेवल्या की. धुऊन, पुसून. सायेब येणार, आन् चिखलात लोळलेल्या दाखवायच्या व्हय?"

शेडमध्ये नळ्यांची वेटोळी नीट रचलेली होती. वरच्याला हळदकुंकू. पाहुणा यायचा म्हटलं की आमच्याकडे आधी आवराआवर. आप्पांनी सरकारलाही पाहुणाच धरलं होतं.

सहायक चिडले नाहीत. "फोटोत नळी उसाच्या बुडाशी पाहिजे, पाणी पडताना दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "आज शेवटची तारीख आहे. मी पुढच्या गावातला एक संच बघून येतो. तोवर अंथरलं तर ठीक, नाहीतर अर्ज रद्द होईल." मोटारसायकल गेली.

मी ओढणी कमरेला बांधली आणि पहिलं वेटोळं उचललं. ओढायला लागले तर नळीला पीळच पीळ.

"तसं न्हाय ओढायचं," मागून चुलत्यांचा आवाज. "पहारीवर घाल वेटोळं. गरागरा फिरू दे." त्यांनी पहार आडवी धरली, मी टोक घेऊन सरीतून पळाले. आप्पांनी दुसरं वेटोळं उचललं. आई तव्यावरची भाकरी टाकून आली. शेजारच्या वस्तीवरच्या मावशी "बेगा बेगा" करत, म्हणजे लवकर लवकर, कन्नडमध्ये आम्हाला हाकत आल्या आणि स्वतःच सगळ्यांच्या पुढे गेल्या.

आप्पांनी मोटर सुरू केली. एका नळीचं टोक बंद करायचं राहिलं होतं. पाण्याची धार सरळ चुलत्यांच्या अंगावर.

"बी.ए.ला ह्ये शिकवत न्हाईत वाटतं," ते तोंड पुसत म्हणाले.

"तुमी या की शिकवायला."

ते हसत टोक दुमडून बांधायला बसले, तेवढ्यात मोटारसायकल परत आली. सहायक सरीत उतरले, वाकले. प्रत्येक उसाच्या बुडाशी एक ओला ठिपका उमटत होता आणि मधली जमीन कोरडीच होती. ते शेवटच्या सरीपर्यंत चालत गेले.

"मालकांनी इथं उभं राहायचं," मोबाईल काढत ते म्हणाले.

आप्पांनी टोपी सरळ केली आणि मला हात धरून ओढलं.

"फोटोत फक्त अर्जदार लागतो."

"मग? अर्ज हिनंच भरलाय की."

सहायकांनी एक फोटो नियमाचा काढला आणि एक आमचा दोघांचा. पायाशी पाणी ठिबकत होतं.

अनुदान खात्यावर जमा झालं तेव्हा मी सोलापुरात होते. आप्पांचा फोन आला. "आलं बग."

"तुजे काका हितं बसल्यात," ते म्हणाले. "त्यांचा अर्ज कधी भरतीस, इचारत्यात."